कोहितांबोचा वरवंटा

शिकागोजवळच्या शॉमबर्गमधल्या कुठल्याही मराठी घरात पाळणा हलायचा असला की आधी शैलजाकाकूंना फोन जायचा. "काकू, वरवंटा मोकळा आहे का हो?"

आता तुम्ही म्हणाल, वरवंटा ही काय मागून आणायची वस्तू आहे? पण अमेरिकेत आहे बाबा. बारशाला बाळाच्या आधी पाळण्यात वरवंटा निजवायचा असतो. त्याला टोपडं बांधायचं, दुपट्यात गुंडाळायचं, पाळण्याच्या दोन बाजूंना दोघींनी उभं राहून तो वरून द्यायचा, खालून घ्यायचा, आणि मग खऱ्या बाळाची पाळी. मूल दगडासारखं टणक निघावं, एवढीच इच्छा. पण भारतातून येताना बॅगेत दगड कोण भरतो? तिथे मेतकुटाला आणि कुर्डयांनाच जागा पुरत नाही. त्यामुळे गेली कित्येक वर्षं काकूंचा काळा, गुळगुळीत वरवंटा या घरातून त्या घरात फिरत होता. ज्यांच्या पाळण्यात तो आधी निजला होता, त्यातली कितीतरी पोरं आता दाढ्या वाढवून नोकऱ्या करत होती.

आणि गंमत बघा, एवढ्या मराठी पोरांना टणक करणारा हा दगड मुळात मराठी नव्हताच. तो होता दक्षिण अमेरिकेतला, एक्वादोर देशातला. अँडीज पर्वतात क्वेंका नावाचं एक शहर आहे, त्याच्या जवळच्या डोंगरातला. काकूंचे यजमान रवींद्र हे शिकागोच्या एका कंपनीतर्फे तिकडे धरणाच्या कामावर होते. लग्न होऊन काकू थेट तिथेच गेल्या आणि केदारचा जन्मही तिथलाच.

त्याच केदारला आता, चाळिशी उलटल्यावर, मुलगी झाली होती. केदार आणि आश्लेषाने या मुलीसाठी किती वर्षं वाट पाहिली, किती डॉक्टर पालथे घातले, ते त्यांचं त्यांना माहीत. रवींद्र दोन वर्षांपूर्वी गेले. जायच्या आधी हॉस्पिटलच्या खाटेवरून ते काकूंना म्हणाले होते, "पोर येईल गं. आणि वरवंट्याला टोपडं मी बांधणार. केदारच्या वेळी मीच बांधलं होतं." ते काही त्यांच्या नशिबात नव्हतं. पण वरवंटा तरी तोच हवा, हे काकूंनी त्या दिवशीच मनात पक्कं केलं होतं. येत्या शनिवारी बारसं होतं, आणि वरवंटा टेक्सासमध्ये, फ्रिस्कोला होता.

शिवांगी नावाच्या मुलीने तो तिच्या नीलच्या बारशाला नेला होता. मग नवऱ्याची नोकरी बदलली, सामान बांधलं गेलं आणि वरवंटाही त्यात गेला. काकूंनी तिला फोन लावला.

"काकू, मीच तुम्हाला कॉल करणार होते. एक प्रॉब्लेम झालाय."

"फुटला?"

"नाही नाही, फुटला नाही. उलट... म्हणजे कसं सांगू... तो देव झालाय."

काकू खुर्चीत बसल्या. शिवांगीने भराभरा सांगून टाकलं ते असं: तिच्या सासूबाई नागपूरहून आल्या होत्या. खोकी त्यांनीच उघडली. एका खोक्यात नव्या खणात गुंडाळलेला काळा, उभट, गुळगुळीत दगड, वर बारशाचं हळदीकुंकू तसंच. त्यात तो दिवस श्रावणी सोमवार. सासूबाईंनी कुणाला विचारलं नाही, पुसलं नाही. त्याला दुधाने न्हाऊ घातलं आणि देव्हाऱ्यात बसवलं. शिवांगी ऑफिसातून घरी आली तेव्हा आरती चालली होती. आता दर सोमवारी सोसायटीतल्या आठ-दहा बायका येतात. प्रसादाला शिरा असतो.

"अगं पण तू सांगितलं का नाहीस त्यांना?"

"काकू, मी तोंड उघडणार तेवढ्यात त्या म्हणाल्या, शिवांगी, तुझ्या घरात महादेव आहेत आणि तू मला कधी बोलली नाहीस. अशा रडल्या ना त्या! मग मला जमलंच नाही, यार. सॉरी, काकू."

रात्री जेवताना केदारने ऐकलं आणि तो हसत सुटला. "आई, सोड ना. ऑनलाइन मिळतो. मार्बलचा. दोन दिवसांत डिलिव्हरी."

"मार्बलचा! पाळण्यात काय वेलदोडे कुटायचे आहेत?"

"मग काय करायचं? भांडायचं त्यांच्याशी?"

"लागलं तर भांडेन," काकू म्हणाल्या, आणि ताट उचलून उठल्या. बाबांचा विषय निघाला की केदार असाच हसण्यावारी न्यायचा, नाहीतर त्याचा आवाज घोगरा व्हायचा. म्हणून दोन वर्षं त्या घरात कुणी बाबांबद्दल धड बोललंच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी काकूंनी पदर खोचला आणि शरयूबाईंना, म्हणजे शिवांगीच्या सासूला, फोन लावला. आडपडदा न ठेवता सांगितलं, की बाई गं, तो वरवंटा आहे आणि तो माझा आहे.

पलीकडून ठसठशीत आवाज आला. "पाहा शैलजाताई, तुमच्याकडे वरवंटा असेल. माझ्याकडे आला तो महादेव होऊन आला. बसवलेला देव उठवायचा म्हणजे काय खेळ आहे बाप्पा? आधी मला त्याचं मूळ स्थान सांगा. कुठचा डोंगर, कुठचं पाणी, कोणी दिला. ऐकते, मग ठरवते."

काकूंनी मनात म्हटलं, हात्तिच्या, एवढंच ना? सगळी हकीकत ऐकली की या बाईला आपोआप कळेल की हा स्वयंपाकघरातला दगड आहे. आणि त्यांनी अगदी सुरुवातीपासून सुरुवात केली. तिथेच चुकलं.

क्वेंकाला तेव्हा दोघांखेरीज मराठी बोलणारं चिटपाखरू नव्हतं. रविवार आला की रवींद्र कंपनीची जीप काढायचे. तिचं एक दार दोरीने बांधलेलं होतं. शहरात मोठं चर्च होतं, बाजार होता, आणि इंगापिर्का नावाचे प्रसिद्ध जुने अवशेष थोड्या अंतरावर होते. सगळे पाहुणे तेच बघायचे. रवींद्र मात्र म्हणायचे, "जिथे बस जाते तिथे आपण जायचं नाही." असा हट्टी माणूस! मग वाटेत दिसेल त्या मेंढपाळाला थांबवून, हातवारे करून, पुढे काय आहे ते विचारायचं आणि तिकडे जीप घालायची. डब्यात पोळी-भाजी, अंगावर दोन स्वेटर, आणि रवींद्रच्या डोक्यावर आईने विणलेली तपकिरी माकडटोपी. तिथली पोरं ती टोपी बघून मागे लागायची.

पहिल्या दिवशी काकूंनी हिरोन गावाजवळचा धबधबा सांगितला. उंच कड्यावरून पाणी सरळ खाली येतं, आणि भोवती धुकं असं की चार हातांवरचं माणूस दिसत नाही. काकूंना तेव्हा दिवस गेले होते आणि करवंदांची आठवण येत होती. तिथे कापुली नावाची काळी, आंबटगोड फळं मिळतात, त्यांनी रवींद्रचे दोन्ही खिसे भरलेले. पाण्याच्या आवाजात काही ऐकू येत नव्हतं. तेव्हा रवींद्र कड्याकडे तोंड करून मोठ्याने ओरडले, "शैलजा!" लग्नानंतर पहिल्यांदा नावाने हाक मारली. एरवी "अगं" आणि "ऐकलंस का" यातच सगळा संसार.

"अय्या!" शरयूबाई फोनवर चक्क लाजल्या. "आमच्या ह्यांनी तर अजून नाही मारली. बेचाळीस वर्षं झाली." दोघी खूप हसल्या. मग शरयूबाई गंभीर झाल्या. "म्हणजे वरून पाण्याची धार. अखंड अभिषेकच म्हणा नं."

काकूंनी कपाळावर हात मारला.

दुसऱ्या दिवशी त्यांनी मुद्दाम देवाधर्माशी संबंध नसलेलं ठिकाण निवडलं. इंगापिर्काच्या मागे, कच्च्या रस्त्याने उंचावर गेलं की कुलेब्रियास नावाचं तळं लागतं. पिवळट गवत, वारा, आणि मध्ये करड्या पाण्याचं लांबट तळं. तळ्याला मिळणारी नदी वळणं घेत घेत येते. तिथे त्या दोघांशिवाय कुणी नव्हतं. रवींद्रने गार पाण्यात पाय घातले आणि बोंब मारली. कान्यारी नावाचे लोक तिथले मूळ रहिवासी; त्यांचा पूर्वज म्हणजे मोठा सर्प होता आणि तो या तळ्यात शिरला, असं ते मानतात, हे काकूंच्या तोंडून सहज निघून गेलं.

"नाग!" शरयूबाई ओरडल्या. "अहो, महादेवाच्या गळ्यातला नाग! आणि तुम्ही म्हणून राहिल्या वरवंटा!"

तिसऱ्या दिवशी काकूंनी चोब्शीची गुहा सांगितली. सिगसिग गावाजवळची ही गुहा, फार फार जुन्या काळच्या शिकारी माणसांनी तिथे चुली मांडल्या होत्या. जवळच एका जुन्या सरदाराच्या वाड्याच्या दगडी भिंती, गवतात बुडालेल्या. काकू गुहेत बसून पोळी खात होत्या, आणि रवींद्र म्हणाले, "बघ, इथे हजारो वर्षांपूर्वी कुणीतरी बायको नवऱ्याला म्हणाली असेल, जेवायला चला, निवतंय." काकू ते सांगताना थांबल्या. हे वाक्य त्यांना स्वतःलाच आठवत नव्हतं. बोलता बोलता कुठून तरी वर आलं होतं. मग स्वतःला सावरायला त्यांनी तिकडच्या प्रलयाची गोष्ट सांगितली. पूर आला, दोन भाऊ एका डोंगरावर चढले, जसजसं पाणी चढलं तसतसा डोंगरही वाढत गेला. भाऊ वाचले, आणि पक्ष्यांच्या रूपातल्या दोन स्त्रियांनी त्यांना जेवू घातलं.

"प्रलय," शरयूबाई हळूच म्हणाल्या. "आपल्या मनूसारखाच. ताई, माझ्या अंगावर काटा आला हो. उद्या याच वेळेला फोन करा. करता नं?"

फोन ठेवल्यावर काकूंना कळलं की आपण घड्याळाकडे पाहिलंच नाही, चहा गार झाला आहे आणि आज कित्येक महिन्यांनी आपण पोटभर हसलो आहोत. एवढं बोललो, पण सगळं उलटंच झालं. एका साध्या दगडाला आपण स्वतःच्या तोंडाने धबधबा, नाग आणि प्रलय देऊन बसलो. आणि बारसं तर तीन दिवसांवर आलं होतं.

गुरुवारी मग त्यांनी खरी गोष्ट सांगितली, कोहितांबोची.

कोहितांबो म्हणजे एकटा उभा असलेला खडकाळ डोंगर. माथ्यावर जुन्या लोकांच्या भिंती. तेव्हा तिथे मेंढ्या चरायच्या. पायथ्याशी पाथरवटांची घरं, दिवसभर छिन्नीचा आवाज. तिथली लूस मारिया क्वेंकाला काकूंच्या दारी दूध घालायला यायची, नवरा पाथरवट. केदार झाला तेव्हा बारशाच्या आठवणीने काकू रडायला लागल्या: ना आई, ना सासू, ना पाळण्याशी उभी राहायला दुसरी बाई, ना वरवंटा. रवींद्रने लूसला कसंबसं समजावलं. एक दगड हवा, हातभर लांबीचा, वाटायचा. दुसऱ्या दिवशी तिने स्वतःच्या चुलीपाशी मका वाटायचा दगड पाठीवर बांधून आणला. म्हणाली, ठेव, माझा नवरा मला दुसरा घडवेल. काकूंनी बदल्यात तिला आपला प्रेशर कुकर दिला. पहिली शिट्टी झाली तेव्हा लूसची पोरं अंगणात पळाली होती म्हणे.

टोपडं नव्हतं. रवींद्रने डोक्यावरची माकडटोपी काढली आणि दगडाला घातली. पाळण्याच्या एका बाजूला काकू, दुसऱ्या बाजूला लूस. तिला काय माहीत बारसं! काकूंनी गुंडाळलेला दगड वरून दिला, तिने खालून हात केले, आणि वजनाने ती वाकलीच. "बाई गं, जड आहे हे पोरगं!" ती तिच्या भाषेत ओरडली. तिघंही हसता हसता खाली बसली. रवींद्रच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. काकूंना त्या क्षणी वाटलं होतं की आपल्याला कुणाची म्हणजे कुणाची उणीव नाही.

हे शेवटचं, जड पोरगं म्हटल्याचं, काकूंनी शरयूबाईंना सांगितलं नाही. ते तेवढं त्यांनी स्वतःपाशी ठेवलं. "तर असा आला तो दगड," एवढंच म्हणाल्या. "मका वाटायचा. आता तरी पटलं?"

"पटलं," शरयूबाई म्हणाल्या. "एका माउलीने आपल्या चुलीजवळून उचलून दिला. ताई, ही तर अन्नपूर्णा झाली! आता तर मी मुळीच हलवणार नाही."

आणि मग काकूंचा तोल गेला. "शरयूबाई, पुरे झालं! तुमच्या देवाला मी काय करू? माझा नवरा गेला हो! नातीच्या पाळण्यातल्या दगडाला मी टोपडं बांधणार, असं म्हणत म्हणत गेला. तो तर येणार नाही. त्याने हाताळलेला दगड तरी त्या पाळण्यात पडू दे, एवढंच मागत होते मी. तेवढंही तुमच्याने होत नाही!" त्यांनी फोन बंद केला आणि तोंडात पदर कोंबून रडल्या.

शुक्रवारी फोन आला नाही. काकूंनीही केला नाही. मात्र दुपारी त्या वेळेला त्या फोनशेजारीच बसून होत्या. संध्याकाळी दारात खोकं आलं. केदारने पांढराशुभ्र, वीतभर उंचीचा मार्बलचा बत्ता काढून टेबलावर ठेवला. आईच्या चेहऱ्याकडे बघून तो या वेळी हसला नाही.

शनिवारी घर माणसांनी भरलं. पाळण्याला फुगे, झेंडूच्या माळा, किचनमध्ये घुगऱ्या. आश्लेषा लेकीला मांडीवर घेऊन बसली होती. "काकू, सुरू करायचं ना?" कुणीतरी विचारलं. काकूंनी तो बत्ता हातात घेतला. हलका लागला.

तेवढ्यात बेल वाजली.

दारात शिवांगी उभी, केस विस्कटलेले, डोळे तारवटलेले. मागे तिचा नवरा पेंगुळलेल्या नीलला खांद्यावर घेऊन. आणि सगळ्यांच्या पुढे एक बुटकी, गोरी बाई. सुती साडी, पायांत स्पोर्ट शूज, अंगात मुलाचं जॅकेट, आणि छातीशी रेशमी खणात गुंडाळलेलं काहीतरी.

"काकू, फ्रिस्कोहून ड्राइव्ह केलं," शिवांगी म्हणाली. "विमानात सिक्युरिटीवाले हातात नेऊ देत नाहीत, आणि आई देवाला बॅगेत टाकू देईनात. अख्खा रस्ता मांडीवर घेऊन आल्या."

शरयूबाईंनी काकूंना पहिल्यांदाच पाहिलं. "ताई, मी विचार केला," त्या म्हणाल्या. "ज्या घरातून देव आला त्या घरी पाळणा हलून राहिला आणि देव आमच्याकडे दूध पीत बसलेत, हे काही बरं नाही. मला रागावल्या तुम्ही, ते ठीकच केलं. पण सोमवारच्या आत मला परत न्यायचा आहे, हो! बायका यायच्या आहेत आरतीला."

"न्या की," काकू म्हणाल्या. "मला एकच दिवस हवा होता."

त्या आत गेल्या आणि कपाटातून तपकिरी माकडटोपी घेऊन आल्या. कसरीने दोन ठिकाणी खाल्लेली, तरी तीच. ती बघून केदारने तोंड फिरवलं. काकूंनी टोपी त्याच्या हातात दिली. "बाबा बांधणार होते. आता तू बांध."

केदार खाली बसला. त्याने दगडावर टोपी ओढली आणि कसरीने खाल्लेली भोकं मागच्या बाजूला वळवली. शरयूबाई डोळे मोठे करून बघत राहिल्या. "महादेवाला माकडटोपी?" त्या पुटपुटल्या. मग म्हणाल्या, "घाला, घाला. थंडीतलेच आहेत ते, तुम्हीच सांगितलं."

मग कुणाला न विचारता त्या सरळ पाळण्याच्या पलीकडच्या बाजूला जाऊन उभ्या राहिल्या. "मी धरते इकडून. इतक्या दूर काहून आली मग?"

काकूंनी गुंडाळलेला दगड वरून दिला. शरयूबाईंनी आधी त्याला नमस्कार केला, खालून दोन्ही हात पुढे केले, आणि रात्रभर मांडीवर धरून अवघडलेले ते हात वजनाने एकदम खाली गेले.

"बाई गं!" त्या ओरडल्या. "जड आहे हो पोरगी!"

सगळं घर हसलं. काकू मात्र तशाच वाकून उभ्या राहिल्या, रिकामे हात पाळण्यावर, आणि त्यांच्या डोळ्यांतून घळघळा पाणी वाहायला लागलं.

"आई? काय झालं?" केदार धावत आला.

"अरे, तुझ्या बारशाला लूस अगदी हेच म्हणाली होती," काकू रडता रडता हसत होत्या. "आणि तुझे बाबा इतके हसले, इतके हसले, की खाली बसले. तुला कधी सांगितलंच नाही मी."

"मग आता सांग," केदार म्हणाला, आणि त्याने आईचा हात धरला.

"सांगते. सगळं सांगते. आधी हिला घालू दे पाळण्यात." आणि काकूंनी आश्लेषाच्या मांडीवरून नातीला उचलून घेतलं.